गाडीचे बटण दाबणारी घरगुती डबी

आपल्यापैकी कितीतरी घरांत कर्ता माणूस गाडीच्या स्टिअरिंगवर बसून संसार चालवतो. कुणी साहेबाची गाडी चालवतो, कुणी टुरिस्टची, कुणी कर्ज काढून घेतलेली स्वतःची टॅक्सी. या चालक बांधवांना नव्या गाड्यांतले एक बटण चांगलेच ठाऊक आहे. त्यावर इंग्रजी 'ए' अक्षर आणि भोवती गोल फिरणारा बाण असतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद पडते आणि क्लच दाबला, किंवा ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवरचा पाय उचलला, की पुन्हा सुरू होते. ही सोय नको असेल तर ते बटण दाबायचे. पण बऱ्याच गाड्यांत एक गंमत केलेली आहे. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सोय परत जागी होते, आणि बटण पुन्हा दाबावे लागते. दिवसातून वीस वेळा गाडी चालू-बंद करणाऱ्याला वीस वेळा.

हे दाबण्याचे काम एका छोट्या डबीवर सोपवता येते. आय.टी.आय.त इलेक्ट्रॉनिक्स किंवा वायरमनचा कोर्स करणारा मुलगा अथवा मुलगी दोन रविवारांत ती बनवू शकेल. सुटे भाग दोन-अडीचशे रुपयांच्या घरात येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात ते सहज मिळतात.

परंतु डबी बनवण्याआधी ती खरोखर हवी का, हे ठरवा. उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन फुकट जाळते. लांब सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकाशी इंजिन बंद राहिले तर बचत खरी आहे, धूरही कमी होतो, आणि तो धूर रस्त्याकडेला टपरी लावून बसणाऱ्याच्याच छातीत जातो. ही कल्पना काही आजची नाही. टोयोटा कंपनीने तेलटंचाईच्या काळात, १९७४ साली, आपल्या क्राउन गाडीत ती बसवून पाहिली होती. पण दहा-एक सेकंदांपेक्षा कमी थांबणे असेल तर इंजिन पुन्हा सुरू करण्यात वाचलेले इंधन परत जाते. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत इंजिन पाच सेकंद बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद असे होत राहते. मे महिन्यात इंजिन थांबले की ए.सी.चा गारवा उतरू लागतो आणि मागे बसलेले साहेब चालकावर चिडतात. माझे मत विचाराल तर ज्याची गाडी मोकळ्या रस्त्यावर आणि लांब सिग्नलांवर धावते त्याने ही सोय चालू ठेवावी. ज्याचा दिवस गर्दीत सरकण्यात जातो त्याला डबीचा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाला विचारल्याशिवाय तिच्या वायरीला हात लावू नका. विचारा, आणि शक्य असेल तर होकार फोनवर लिहून घ्या. वॉरंटीतल्या गाडीत बाहेरची वायर जोडलेली दिसली की कंपनीचे लोक विजेच्या बिघाडाचा खर्च नाकारू शकतात. उद्या तिसऱ्याच कारणाने गाडीत धूर निघाला, तरी बोट चालकाकडेच दाखवले जाईल. बटण दाबण्याच्या त्रासापायी नोकरी पणाला लावण्यात शहाणपणा नाही. मालक नाही म्हणाला तर बोटानेच दाबावे.

आता कामाकडे वळू. आपल्या बोटाने आपण काय करतो ते नीट पाहा. गाडी चालू होते, आपण थोडे थांबतो, मग बटण अर्धा सेकंद दाबून सोडतो. म्हणजे डबीला दोनच कामे येणे जरूर आहे : आधी थांबणे, मग क्षणभर दाबणे. थांबणे का लागते? चावी फिरवल्याबरोबर गाडीतला कॉम्प्युटर जागा होत असतो, दिवे लागतात, तपासण्या चालतात. त्या वेळी दाबलेले बटण तो पुष्कळदा मोजतच नाही. काही कारागीर नुसता एक मोठा कंडेन्सर रिलेच्या कॉइलला सिरीजमध्ये जोडतात. वीज आली की कंडेन्सर भरेपर्यंत रिले ओढला जातो, मग सुटतो. युक्ती नामी आहे, पण ती चावी फिरवल्याच्या क्षणीच बटण दाबते. त्यामुळे कित्येक गाड्यांत फुकट जाते.

थांबण्याचे काम ५५५ नावाची आठ पायांची आय.सी. चोख करते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कॅमेनझिंड या अभियंत्याने अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ साली तिची रचना केली आणि १९७२ साली ती बाजारात आली. पन्नास वर्षे उलटून गेली, तरी ती अजून दहा-पंधरा रुपयांत मिळते. तिचे तत्त्व घरातल्या माठासारखे आहे. बारीक धारेने माठ भरत ठेवायचा आणि पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत आले की घंटा वाजवायची. धार म्हणजे रेझिस्टर आणि माठ म्हणजे कंडेन्सर. धार बारीक केली किंवा माठ मोठा घेतला, की वेळ वाढते. ही आय.सी. खूण दोन-तृतीयांश व्होल्टेजवर धरते, म्हणून हिशेब असा निघतो : १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कंडेन्सर. ४७० किलो-ओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर सुमारे ५ सेकंद. ४७ किलो-ओहम आणि तोच कंडेन्सर घेतला तर सुमारे अर्धा सेकंद. मुलांनी हा गुणाकार कागदावर स्वतः करून पाहावा. साध्या कंडेन्सरमध्ये वीस टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणून घड्याळात चार सेकंद भरले किंवा सहा भरले तरी घाबरू नये.

आपल्याला अशा दोन आय.सी. लागतील. पहिली पाच सेकंद मोजते. तिचे मोजणे संपले की ती दुसरीला ढोसते आणि दुसरी अर्धा सेकंद रिले ओढते.

दोन्ही आय.सी.चा १ नंबरचा पाय निगेटिव्हला आणि ८ नंबरचा पॉझिटिव्हला जातो. ६ आणि ७ हे पाय एकत्र जोडून तिथून निगेटिव्हला कंडेन्सर आणि पॉझिटिव्हला रेझिस्टर लावायचा. पहिलीला ४७० किलो-ओहम, दुसरीला ४७, आणि कंडेन्सर दोघींना १० मायक्रोफॅरडचा. ५ नंबरच्या पायापासून निगेटिव्हला ०.०१ चा छोटा कंडेन्सर द्यावा, म्हणजे मोजणी डळमळत नाही. पहिलीचा ४ नंबरचा पाय सरळ ८ ला जोडावा. तिच्या २ नंबरच्या पायाला पॉझिटिव्हकडून १०० किलो-ओहम आणि निगेटिव्हला १ मायक्रोफॅरड लावला की वीज येताच तो पाय क्षणभर खाली राहतो आणि मोजणी आपोआप सुरू होते. पहिलीच्या ३ नंबरच्या पायापासून ०.१ चा कंडेन्सर दुसरीच्या २ नंबरच्या पायाला न्यावा. त्या पायापासून पॉझिटिव्हला १० किलो-ओहम द्यावा.

इथे एका अडचणीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण घरी बनवलेल्या डब्या याच जागी फसतात. वीज आल्याच्या क्षणी दुसरी आय.सी. गोंधळून उगाच एकदा रिले ओढू शकते. मग पाच सेकंदांनी ती पुन्हा ओढते. आपले बटण दाबले की बंद आणि परत दाबले की चालू असे असते, तेव्हा दोनदा दाबले गेले तर सोय होती तिथेच राहते. बनवणाऱ्याला वाटते डबी चालत नाही. ती चालते, पण एकदा जास्त चालते. यावर उपाय असा, की दुसरीचा ४ नंबरचा पाय थेट पॉझिटिव्हला न जोडता १०० किलो-ओहममधून जोडावा आणि तिथून निगेटिव्हला १० मायक्रोफॅरड द्यावा. मग सुरुवातीचा क्षणभर ती मुकी राहते.

स्टार्टर फिरताना काही वायरींतली वीज तेवढ्यापुरती जाते आणि परत येते. तेवढ्या वेळात हे कंडेन्सर रिकामे झाले नाहीत, तर पुढची मोजणी चुकते. म्हणून १एन४१४८ हा काचेचा छोटा डायोड तीन ठिकाणी रेझिस्टरला समांतर लावा : पहिलीच्या ४७० किलो-ओहमला, दुसरीच्या ४ नंबरच्या पायावरल्या १०० किलो-ओहमला, आणि दुसरीच्या २ नंबरच्या पायावरल्या १० किलो-ओहमला. तिन्हींची काळी पट्टी पॉझिटिव्हकडे. पहिल्या दोन ठिकाणी वीज गेली की कंडेन्सर झटकन रिते होतात. तिसऱ्या ठिकाणी तो आय.सी.च्या पायाला उलट्या झटक्यापासून वाचवतो.

दुसरीच्या ३ नंबरच्या पायापासून ४.७ किलो-ओहममधून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला जावे. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. एमिटर निगेटिव्हला आणि कलेक्टर रिलेच्या कॉइलला. कॉइलचे दुसरे टोक पॉझिटिव्हला. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड, पट्टी पॉझिटिव्हकडे. हा डायोड विसरलात तर रिले सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टरला खाऊन टाकील.

रिले बारा व्होल्टचा छोटा सिग्नल रिले घ्यावा. दुकानदार बहुधा निळा चौकोनी 'शुगर क्यूब' हातात ठेवील. तो स्वस्त आहे आणि त्यानेही काम होते, पण त्याचे संपर्क जास्त करंटसाठी बनवलेले असतात. बटणातून वाहणारा करंट अगदी नगण्य असतो, आणि इतक्या थोड्या करंटवर मोठे संपर्क काही महिन्यांनी मळतात व अडू लागतात. सिग्नल रिलेच्या संपर्कांवर सहसा सोन्याचा पातळ मुलामा असतो, म्हणून तो टिकतो.

आता गाडीच्या विजेबद्दल. आपण बारा व्होल्ट म्हणतो खरे, पण इंजिन चालू असताना ते साडेचौदापर्यंत जातात आणि मधूनच मोठे झटकेही येतात. ५५५ ला सोळाच्या वर सोसत नाही. म्हणून डबीत वीज शिरताच आधी एक १एन४००७ सिरीजमध्ये ठेवा, म्हणजे उलटी वायर जोडली गेली तरी नुकसान नाही. रिलेला तिथूनच वीज द्या. दोन्ही आय.सी.ना मात्र १०० ओहमच्या अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून द्या आणि रेझिस्टरनंतर १५ व्होल्ट एक वॅटचा झेनर व १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर निगेटिव्हला जोडा. झेनरची पट्टी पॉझिटिव्हकडे येईल. कंडेन्सर ३५ व्होल्टचे आणि १०५ अंश छापलेले मागून घ्या. नागपूर-अकोल्याच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत ८५ अंशांचे स्वस्त कंडेन्सर लवकर सुकतात.

सगळे झिरो पीसीबीवर सोल्डर करावे. आय.सी.साठी सॉकेट वापरावे, म्हणजे तापल्या कय्याने आय.सी. जळत नाही. हे काम घरातल्या मुलींनाही जरूर द्यावे. बारीक सोल्डरिंगला सफाईदार हात आणि धीर लागतो, ताकद लागत नाही.

डबी गाडीत नेण्याआधी घरीच बारा व्होल्टच्या ॲडॅप्टरवर तपासा. मीटर बीपवर ठेवून त्याच्या वायरी रिलेच्या कॉमन आणि नॉर्मली ओपन या दोन पायांना लावा. वीज द्या आणि मोजा. पाच सेकंदांनी एक छोटा बीप यावा आणि पुढे शांतता. दोन बीप आले तर वर सांगितलेली ४ नंबरच्या पायाची जोडणी पाहा. असे वीस वेळा करा. वीसच्या वीस वेळा एकच बीप आला तरच पुढे जा.

गाडीत आधी स्वतःच्या बोटाने प्रयोग करावा. चावी फिरवल्यापासून किती सेकंदांनी गाडी बटण स्वीकारते ते घड्याळ लावून पाहा. इंजिन सुरू होण्याआधी दाबले तर चालते का, तेही पाहा. पाच सेकंद पुरत नसतील तर ४७० ऐवजी १ मेगा-ओहम टाकला की अकरा सेकंद मिळतात. काही गाड्या बटणाची शेवटची स्थिती लक्षात ठेवतात. अशा गाडीत डबी लावलीत तर एक दिवस बंद, एक दिवस चालू असा खेळ होईल, आणि तिथे तिची गरजही नाही. बटण काचेच्या पडद्यावर असेल तर हा उपाय लागूच पडत नाही.

बटणाचे पॅनेल काढल्यावर बटणाच्या पायांमध्ये मीटर लावून पाहा. बोट दाबल्यावर ज्या दोन पायांमध्ये बीप येतो, त्यांनाच रिलेचे कॉमन आणि नॉर्मली ओपन समांतर जोडायचे. पुष्कळ गाड्यांत चार-पाच बटणांची एकच वायर असते आणि कॉम्प्युटर रेझिस्टन्सवरून बटण ओळखतो. म्हणून जोड वायरीवर न घेता त्या बटणाच्या पायांवरच घ्यावा. रिले वापरण्याचे मुख्य कारणही इथेच आहे. त्याचे संपर्क डबीच्या विजेपासून पूर्ण वेगळे असतात, त्यामुळे ते बोटासारखेच फक्त दोन टोके जुळवतात. बटणाच्या वायरीला बारा व्होल्ट थेट कधीही दाखवू नका. ती वायर कॉम्प्युटरला जाते, आणि त्या कॉम्प्युटरची किंमत चालकाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त असू शकते. पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर हात आवरा. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. स्टिअरिंगवरच्या बटणांच्या नादीही लागू नका.

पॉझिटिव्ह वीज फ्यूजच्या डब्यातून फ्यूज टॅप लावून घ्यावी. वायर सोलून पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिनेच कितीतरी गाड्या जळतात. चावी काढून, तो फ्यूज बाहेर काढून मगच टॅप बसवा. टॅपमध्ये डबीसाठी एक किंवा दोन अँपियरचा फ्यूज ठेवा. घरात पडून आहे म्हणून वीसचा ठेवू नका, कारण मग वायर तापून पेटेपर्यंत फ्यूज शाबूत राहील. चावीवर चालणारी जागा निवडा. कायम वीज असलेल्या जागी डबी जोडली तर ती चावीबरोबर चालू-बंद होणारच नाही, उलट रात्रभर बॅटरी खात राहील. स्टार्टर फिरताना वीज जाते अशी ॲक्सेसरीची वायर मिळाली तर उत्तमच, कारण इंजिन लागल्यानंतर मोजणी नव्याने सुरू होते. निगेटिव्ह डॅशबोर्डखालच्या एखाद्या बॉडीच्या बोल्टवर घ्या. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर थेट घेऊ नका. या गाड्यांत तिथे बहुधा करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा हिशेब बिघडतो.

बॅटरीचीही एक गोष्ट राहिली. आयडल स्टॉपच्या गाड्यांना खास मजबूत आणि महागडी बॅटरी दिलेली असते. डबी लावली म्हणजे आता साधी बॅटरी चालेल, असे कुणी गॅरेजवाला सांगेल. ऐकू नका. त्या गाडीची चार्जिंगची पद्धतच त्या बॅटरीला धरून बेतलेली असते.

डबी प्लॅस्टिकची घ्यावी. ती पायाशी, पेडलच्या आसपास लोंबकळू देऊ नये. डॅशबोर्डच्या आत केबलटायने आवळून बसवावी आणि खडखड होऊ नये म्हणून फोमची पट्टी गुंडाळावी. इंजिनाच्या बाजूला तर मुळीच बसवू नये. टॅपकडून येणाऱ्या वायरीवर एक छोटा स्विच ठेवला, तर लांबच्या प्रवासाला किंवा साहेबांनी सांगितल्यावर डबी बंद करता येते. सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी टॅप काढून मूळ फ्यूज जागेवर लावावा. आणि डबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा. कोणती वायर कुठे गेली, फ्यूज किती अँपियरचा, बसवल्याची तारीख, हे सारे त्यावर मराठीत आणि स्वच्छ अक्षरात लिहावे. दोन वर्षांनी पॅनेल उघडणारा मेकॅनिक दुसराच असेल.